वकिलाचा लिव्हर

सुलक्षणाबाईंनी काशीराम धुरीला पहिल्यांदा पाहिलं ते १९८४च्या जानेवारीत, मुलुंडला, स्वतःच्या दारात. चपला बाहेर काढून, एका पातळ पुस्तिकेच्या सातव्या पानात बोट घालून तो उभा होता. बोटाचं ग्रीस लागू नये म्हणून पुस्तिकेला त्याने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

"बाई, ह्यां तुमी लिवलात काय?"

पुस्तिका बाईंचीच होती. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील, चंद्रप्रकाश, यांचं आग्रा रोडवर ट्रॅक्टरचं दुकान आणि मागे वर्कशॉप होतं. ठाणे जिल्ह्यातले शेतकरी तिथून ट्रॅक्टर नेत. कंपनीच्या इंग्रजी पुस्तकाचं मराठी बाईंनी दिवाळीच्या सुटीत करून दिलं होतं. सातव्या पानावर ट्रॅक्टरच्या नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिकविषयी 'मसुदा नियंत्रण तरफ' असा मथळा होता. ड्राफ्ट म्हणजे मसुदा. शाळेच्या ऑफिसात तो शब्द रोज चाले, त्यामुळे कोशात पाहायची गरजही त्यांना वाटली नव्हती.

"हो, मीच. का हो?"

"मसुदा म्हणजे काय, तां विचारूचा होता."

काशीराम त्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. मूळचा सावंतवाडीकडचा, परळच्या एका गिरणीत त्याने बारा वर्षं माग दुरुस्त केले होते. संप मिटेना, तेव्हा ओळखीने इथे टेंपररी लागला. ट्रॅक्टर गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी नांगर उचलणारे लिव्हर लावून द्यायचे, हे त्याचं काम. पण ते लावायचे सिमेंटच्या अंगणात; तिथे नांगरायला माती नव्हती. गेल्या दोन महिन्यांत तीन ट्रॅक्टर तक्रार घेऊन परत आले होते आणि चंद्रप्रकाशांनी बजावलं होतं की चौथा आला तर सोमवारपासून येऊ नकोस. चौथा त्याच सकाळी आला होता.

बाईंनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. खांद्यावरचा पंचा काढून त्याने एक टोक बाईंच्या हाती दिलं.

"तुमी ट्रॅक्टर. मी नांगर. ओढा."

बाईंनी ओढलं.

"लिव्हर दोन. एक नांगर किती उंचीवर ठेवचो तां बघता. दुसरो बघता, ट्रॅक्टराक ओढ किती बसता. जमीन कडक इली, ओढ वाढली, की नांगर जरासो वर घेता." त्याने हात थोडा उचलला, पंचा सैल झाला. "मऊ इली की परत खाली. आपोआप."

"आणि लोक काय करतात?"

"त्या दुसऱ्याक हातच लावनत नाय. मसुदो वकील करता ना? मुरबाडाकडे त्याका वकिलाचो लिव्हर म्हणतत. उंचीच्या लिव्हरान नांगर दाबून धरतत. मगे कडक जमिनीत इंजिन बंद, नायतर पुढची चाकां वर!"

बाईंना हसू आलं. मग ते थांबलं.

"शेठना सांगितलंत?"

"सांगलंय. म्हणाले, टीचरचं पुस्तक चूक आणि गिरणीतला तू बरोबर काय रे?"

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर बाई तशाच वर्कशॉपला गेल्या. चौथ्या ट्रॅक्टरचे मालक, मुरबाडचे रामचंद्र भोईर, अंगणात आपल्या ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. नांगर मागे जोडलेलाच होता.

"शेठ, चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.

"अरे बाई, तुम्ही कशाला टेन्शन घेता? ग्रामर-बिमर थोडं इकडेतिकडे होतं."

"व्याकरण नाही चुकलं. अर्थच चुकला. ड्राफ्ट म्हणजे इथे ओढ, मसुदा नव्हे."

"मला ग्रामर नको," रामचंद्र म्हणाले, "मला नांगर पायजे. नायतर हा तुमचा ट्रॅक्टर ठेवा."

वर्कशॉपमागे मोकळा प्लॉट होता. पोरांनी क्रिकेट खेळून मधली पट्टी दगडासारखी केलेली. काशीरामने तिथे ट्रॅक्टर नेऊन नांगरून बघायची परवानगी मागितली. चंद्रप्रकाशांनी घड्याळ पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. रामचंद्र स्वतःच स्टिअरिंगवर बसले. काशीरामने उंचीचा लिव्हर पूर्ण खाली केला. मग दुसऱ्याला हात घातला.

"अरे, तो तर वकिलाचा!" रामचंद्र ओरडले.

"वकीलच आज तुमचा काम करतलो. चला, घ्या पहिल्या गियरात."

काशीराम बाजूच्या पायरीवर उभा राहून मागे बघत होता. कडेच्या मऊ मातीत त्याने लिव्हर थोडा थोडा सरकवून खोली जमवली आणि लिव्हरच्या त्या जागेपाशी खडूची खूण केली. ट्रॅक्टर खेळपट्टीवर आला. इंजिनाचा आवाज दबला. नांगर दोन-तीन बोटं वर आला, आवाज मोकळा झाला. खेळपट्टी संपल्यावर नांगर पुन्हा पहिल्याइतका खाली गेला. पुढची चाकं जमिनीवरच होती.

रामचंद्र खाली उतरले. नांगराने पाडलेल्या तासात वीत घालून त्यांनी दोन ठिकाणी खोली मोजली.

"आधी का नाय सांगितलास रे?"

काशीराम पायरीवरची माती बुटाने झाडत राहिला.

"ते सांगत होते," बाई म्हणाल्या. "लोकांनी माझ्या पुस्तकावर विश्वास ठेवला."

सातव्या पानावर चिकटवायच्या चिठ्ठ्या बाईंनी शाळेत सायक्लोस्टाइल करून घेतल्या. 'ओढीचा लिव्हर' आणि 'उंचीचा लिव्हर'. तरफ हा शब्द रामचंद्रांनी काढायला लावला. चंद्रप्रकाशांनी काशीरामची माफी वगैरे मागितली नाही. सोमवारी तो आला तेव्हा "चहा घे" एवढंच म्हणाले. त्यानंतर गिऱ्हाईक ट्रॅक्टर न्यायला आलं की काशीराम त्याला आधी मागच्या प्लॉटवर घेऊन जाई. पावसाळ्यापर्यंत पाचवी तक्रार आली नाही आणि जूनमध्ये तो कायम झाला. तिथूनच तो निवृत्त झाला.

आता तो भांडुपला मुलीकडे, मीराकडे, राहतो आणि मंगळवारी व शुक्रवारी शहापूरच्या एका गॅरेजात हायड्रॉलिकच्या कामाला जातो.