गुलाबी झालेल्या साठ बाटल्या

धम्मपाल गजभिये यांना कुणी विचारलं, "काय करता?" तर ते बिनदिक्कत सांगत, "जंतू पाळतो." समोरचा माणूस नकळत दोन पावलं मागे सरकायचा. दिल्लीत मुनिरक्याच्या त्यांच्या गल्लीत भाड्यानं राहणारे विद्यार्थी त्यांना 'कीटाणू अंकल' म्हणत. मुलगी मैत्री शाळेत असताना "पप्पा लॅबमध्ये असतात" एवढ्यावरच विषय मिटवायची. गजभियेंना त्याचं काही वाटत नसे. म्हशी पाळणाऱ्याला लाज वाटत नाही, मग मला का वाटावी, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळचा हा माणूस. बारावी सायन्स करून दिल्लीला आला आणि गुरुग्रामच्या एका तेल-संशोधन प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला. चौतीस वर्षांत धुणाऱ्याचा सीनियर टेक्निशियन झाला. नावापुढे डॉक्टर कधी लागलं नाही, पण तिथल्या डॉक्टरांचं पान त्याच्यावाचून हलत नसे, हे मी आपल्या पदरचं सांगत नाही, तिथले डॉक्टरच सांगतात.

आता या जंतूंचं काम काय? विहीर खणली की सुरुवातीला तेल आपल्या जोरानं वर येतं. मग पाणी सोडून आणखी थोडं रेटता येतं. पण अर्ध्याहून जास्त तेल खाली खडकालाच धरून बसतं. मैत्रीला हे समजावताना ते एकदा म्हणाले, "दुधाच्या पातेल्याला खरवड चिकटते ना, तसं."

"पप्पा, खरवड म्हणजे?"

"घ्या! दिल्लीत वाढलेल्या पोरीला खरवडही ठाऊक नाही," म्हणत ते उठले आणि मोरीतलं पातेलंच उचलून घेऊन आले. "ही बघ. नुसतं पाणी ओतून निघते का? साबण लागतो. माझे जंतू खाली खडकात जाऊन उसाची मळी खातात, गॅस सोडतात आणि साबणासारखं काहीतरी तयार करतात. मग तेल सुटतं." साधनाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, तिथेच उभ्या होत्या. "अच्छा, मग ते पातेलंही घासून ठेवा आता," त्या म्हणाल्या.

हे जंतू मूळचे एका जुन्या तेलविहिरीतले, दीड किलोमीटर खोलवरच्या गरम पाण्यातले. त्यांना सत्तर अंशांची ऊब लागते आणि हवा अजिबात चालत नाही. दिल्लीत दिवाळीच्या सुमाराला अख्खं शहर हवेच्या नावानं बोटं मोडतं, पण गजभियेंच्या जंतूंना तर हिमालयातली हवासुद्धा विष. म्हणून ते रबरी बुचाच्या बंद बाटल्यांत, गरम ओव्हनमध्ये राहतात. त्यांच्या पाण्यात एक रंग टाकलेला असतो. बाटलीत हवा नसेल तर पाणी बिनरंगी राहतं, आणि कणभर हवा शिरली की गुलाबी होतं. "गुलाबी झाली की गेली," असं गजभिये म्हणत. बाटलीत भरायचा नायट्रोजनसुद्धा ते तसाच सोडत नसत. तो तापवलेल्या तांब्याच्या तुकड्यांमधून जायचा, म्हणजे त्यातली उरलीसुरली हवा तांबं खाऊन टाकायचं. खाऊन खाऊन तांबं काळं पडलं की ते पुन्हा लखलखीत करून घ्यायचं, हे काम त्यांचं एकट्याचं. दर काही दिवसांनी जंतू ताजी मळी घातलेल्या नव्या बाटलीत हलवावे लागत, त्याला ते बाटली बदलणं म्हणत. त्यातही एक नेम होता. सगळ्या बाटल्या एका दिवशी बदलायच्या नाहीत, आणि जुनी बाटली आठवडाभर फेकायची नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यांच्या हातात होतं.

एवढं सगळं करूनही चौतीस वर्षांत त्यांचे जंतू कधी खऱ्या विहिरीत उतरले नव्हते. दरवेळी काहीतरी आडवं यायचं. अखेर गेल्या वर्षी एक विहीर मिळाली. तीही कसली, कायमची बुजवायची म्हणून ठरलेली. बुजवायच्या आधी एकदा जंतू सोडून बघा, असं ठरलं. टँकर वीस नोव्हेंबरला निघायचा होता. ती तारीख चुकली तर विहिरीत सिमेंट पडणार होतं, आणि गजभिये तर एकतीस डिसेंबरला रिटायर होणार होते. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते नेमानं नागपूरला, दीक्षाभूमीवर जात. वर्षातली त्यांची खरी रजा तेवढीच. चार दिवसांनी परत आले, मेट्रोनं गुरुग्रामला पोचले, ओव्हन उघडला आणि जागीच थिजले. साठच्या साठ बाटल्या गुलाबी झाल्या होत्या.

मागे डॉ. मृणाल साठे उभी होती. दीड वर्षापूर्वी पुण्याहून आलेली, हुशार, कामाला वाघ. "काका, तुम्ही येईपर्यंत काम उरकून ठेवावं म्हणून मी सगळ्या बदलल्या," ती म्हणाली. "कुठे चुकलं तेच कळत नाहीये."

"जुन्या कुठे आहेत?"

"स्वच्छता पंधरवड्याचं इन्स्पेक्शन होतं ना. उकळून, धुऊन ठेवल्या."

गजभियेंनी नायट्रोजनच्या नळीकडे पाहिलं. आतलं तांबं काळंठिक्कर पडलं होतं. राग आला का? आला तर! माणूस होते, दगड नव्हते. पण त्यांनी आधी ओव्हन बंद केला आणि मग ते स्टुलावर बसले.

दुपारी संचालक विश्वनाथ साहेबांनी दोघांना बोलावलं. "किसने किया?"

"मैंने, सर," मृणाल म्हणाली. पोरीनं आडवळण घेतलं नाही, हे गजभियेंना मनापासून आवडलं.

"सर, तांबे का काम मेरा है," ते म्हणाले. "बताके जाना चाहिए था. चौंतीस साल में किसी को सिखाया नहीं, ये मेरी गलती."

"मग आता ट्रायल रद्द असं कळवू?" हे साहेबांनी अर्थातच हिंदीत विचारलं.

गजभिये तेव्हा भलतीकडेच बघत होते. साहेबांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेल्या, तेलविहिरीतून काढलेल्या खडकाच्या गुळगुळीत तुकड्याकडे. मग एकदम म्हणाले, "सर, दहा दिवस द्या."

झालं असं होतं, की मार्चमध्ये एक प्रयोग केला होता. स्टीलच्या हातभर लांब नळीत वाळू ठासून, तीत तेल भरून, जंतू सोडून बघितले होते. खालच्या खडकाची नक्कलच म्हणा ना. प्रयोग संपला, पण गजभियेंनी नळी धुतली नाही. दोन्हीकडच्या तोट्या घट्ट आवळल्या आणि व्हरांड्यातल्या जुन्या ओव्हनमध्ये ठेवून दिली. खडकात आणि तेलात राहून आलेले जंतू काटक असतात, टाकवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. स्वच्छतेच्या नावाखाली त्यांना दोनदा लेखी विचारणा झाली. दोन्ही वेळा ते "उद्या धुतो" म्हणाले. सरकारी नोकरीत हा शब्द किती उपयोगी पडतो ते सांगायला नको.

नळी जागेवर होती. गजभियेंनी ती दोन्ही हातांनी बाहेर काढली. मग तांबं तापवून पुन्हा घासलेल्या घंगाळासारखं लख्ख केलं, आणि या वेळी शेजारी मृणालला उभं केलं. "बघा मॅडम, हा रंग. याच्यापेक्षा एक छटा जरी काळी दिसली, तरी थांबायचं." तोटीला सुई लावून त्यांनी काळे दाट थेंब ओढले आणि तीन बाटल्यांत सोडले. तिन्ही बिनरंगी राहिल्या. हवा शिरली नव्हती. पण आत कुणी जिवंत आहे का, हे कोण सांगणार?

पाच दिवस काही नाही. सातव्या दिवशीही नाही. विश्वनाथ साहेब येता-जाता ओव्हनकडे बघायचे आणि घड्याळाकडे. घरी गजभिये जेवता जेवता थबकायचे. "अहो, बाळंतिणीची खोली झाली आहे का तुमची लॅब?" साधनाताई म्हणाल्या, पण मग हळूच विचारलंच, "काही हललं का?" मैत्रीनंही ऑफिसातून फोन केला. तीही गुरुग्रामलाच नोकरीला होती. "पप्पा, होईल यार, बिल्कुल होईल," ती म्हणाली.

नवव्या दिवशी सकाळी गजभियेंनी पहिल्या बाटलीच्या बुचात रिकामी सिरिंज खुपसली. काही नाही. दुसरीत खुपसली. काही नाही. तिसरीत सुई घुसली, आणि हात न लावता सिरिंजचा दट्ट्या आपणहून वर सरकायला लागला. आत गॅस झाला होता. म्हणजे कुणीतरी मळी खात होतं.

"काका!" मृणाल ओरडली.

"शू!" ते म्हणाले. "जेवू द्या त्यांना."

त्या एका बाटलीच्या तीन, तिनाच्या तीस आणि पुढे टाक्या झाल्या. प्रत्येक वेळी मृणालनं काही जुन्या बाटल्या तशाच ठेवल्या, कुणी न सांगता. वीस नोव्हेंबरला टँकर सुटला. गजभियेंचं नाव जाणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. टेक्निशियन जात नाहीत, असा नियम. ते फाटकापर्यंत गेले आणि टँकरच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "अंकल, दूध है क्या?" "उससे महँगा," ते म्हणाले.

जंतू खाली सोडून विहीर तीन आठवडे बंद ठेवली. डिसेंबरच्या मध्यावर ती उघडली, तेव्हा मृणाल तिथेच होती. विहिरीतून काय निघालं ते तिनं फोनवर सांगितलं नाही, "एकतीसला येऊन सांगते" म्हणाली. बघा, कसं पोरीनं माणसाला टांगणीला लावलं!

एकतीस तारखेला निरोपसमारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, समोसे झाले. साधनाताई आणि मैत्री पहिल्या रांगेत बसल्या होत्या. विश्वनाथ साहेबांनी सांगितलं, की आधी त्या विहिरीतून शंभर लिटर उपसले तर तेल जेमतेम चार लिटर निघायचं, आता अकरा निघतंय. सिमेंटवाल्यांना परत पाठवलंय. हॉलभर टाळ्या झाल्या. मैत्री उभी राहून शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होती, "माझे पप्पा आहेत ते. जंतू पाळतात."

मग मृणाल पुढे आली आणि तिनं पर्समधून लोकरी मोज्यात गुंडाळलेली एक छोटी बाटली काढली. "काका, विहिरीतून वर आलेल्या पाण्यातून भरलीये. तुमच्याच पद्धतीनं. चार दिवस तिथल्याच ओव्हनमध्ये ठेवली होती."

गजभियेंनी बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. पाणी गढूळ होतं, पण गुलाबी नव्हतं. मृणालनं सिरिंज दिली. त्यांनी बुचात सुई घातली, आणि दट्ट्या वर चढला.

दीड किलोमीटर खाली जाऊन, काम करून, परत आले होते.

"आले की परत," ते म्हणाले, आणि माईक चालू आहे हे विसरून भर समारंभात रडले. मग शालीनं डोळे पुसले, खिशातून ओव्हनची किल्ली काढून मृणालच्या हातात ठेवली आणि दरडावलं, "सगळ्या एका दिवशी बदलायच्या नाहीत. कळलं?"