साखरेचं वाक्य

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून उभी असते तेव्हाही हा विषय मनात आला की मी घाईने आरतीचं ताट उचलते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तरी आता काय फरक पडणार आहे?

तशी मी वाईट बाई नाही, असं सगळे म्हणतात. खारघरला आमच्या सोसायटीत कुणाचं बँकेचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात. नॉमिनीचे फॉर्म, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले, सगळं मी भरून देते. कुणाच्या पैशाला कधी हात लावला नाही. म्हणून तर हे इतकी वर्षं झाकून राहिलं. चांगल्या माणसाची झडती कोण घेतं?

मी पनवेलला एका बँकेत कर्जाच्या टेबलावर होते. कर्ज दिलं की त्याच्या जोडीला विमा द्यायचा — कर्जदार मध्येच गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनीने फेडायचं. गोष्ट वाईट नाही. पण ज्याला हवा त्याने घ्यावा, असा नियम. आणि आम्ही काय सांगायचो? ‘विम्याशिवाय फाईल पुढे जात नाही.’ विम्याचा हप्ता कर्जातच मिळवून टाकलेला असायचा, खिशातून काही द्यावं लागत नसे, त्यामुळे कुणी फारसं विचारतही नसे. माझ्या तोंडात ते वाक्य इतकं बसलं होतं की ते खोटं आहे हे मला आठवावं लागायचं.

विम्याच्या फॉर्मवर शेवटी तब्येतीचे प्रश्न असत. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हृदयविकार आहे का. आमच्या शाखेत एक रीत होती. गिऱ्हाईक यायच्या आधीच ‘नाही’च्या रांगेतून वरून खालपर्यंत एकच उभी रेघ मारून ठेवायची, आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली. माणूस फुल्या शोधत सह्या करत जायचा. तो गेला की फुल्या खोडरबराने पुसायच्या. ही रीत मला कुणी समोर बसवून शिकवली नाही. पहिल्या आठवड्यातच बघून आली.

मी उगाच लांबण लावते आहे. माणसाचं नाव सांगते — जनार्दन. उरणकडच्या कोळीवाड्यातला. त्याची बायको चंद्रा पनवेलच्या बाजारात मासळी विकायची, आणि बंदरावरून माल आणायला त्याला स्वतःचा टेम्पो हवा होता. धिप्पाड माणूस, पण माझ्या टेबलासमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता. पाच-सहा सह्या त्याने केल्या आणि तब्येतीच्या पानावर थांबला. फॉर्म इंग्रजीत. यात काय विचारलंय, म्हणाला. मी म्हटलं, तब्येत बरी आहे ना, एवढंच.

“मॅडम, मना साखर हाय,” तो म्हणाला. “गोली चालू हाय. ती लिवा त्याच्यात.”

सांगितलं त्याने. स्पष्ट सांगितलं. मी काय केलं? एका जागी ‘हो’ लिहिलं की वैद्यकीय तपासणी, तपासणी म्हणजे पंधरा दिवस, आणि तो महिन्याचा शेवट होता, विम्याचं टार्गेट भरायचं होतं. रेघ तर आधीच मारलेली होती. मी म्हटलं, “एवढ्याने काही होत नाही. चालतं.” त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मग हसून म्हणाला की डॉक्टरपेक्षा तुमी बऱ्या, डॉक्टर लय घाबरवतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? असं तर किती जण करतात. खरं आहे. एवढंच असतं तर मी आज तोंड उघडलं नसतं.

दोन वर्षांनी जनार्दन गेला. बर्फाच्या पेट्या उतरवताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. चंद्राने विम्याचा दावा केला. कंपनीने दवाखान्याचे कागद मागवले. त्यात जुना मधुमेह निघाला, फॉर्मवर ‘नाही’ निघालं, आणि दावा नाकारला गेला. टेम्पोचं कर्ज तिच्या डोक्यावर तसंच.

ती गप्प बसली नाही. जनार्दनने त्या दिवशी घरी जाऊन तिला सगळं सांगितलं होतं — मॅडमना साखरेचं बोललो, मॅडम चालतं म्हणाल्या. तेवढ्या शब्दावर तिने बँकेकडे तक्रार केली. वरच्या कार्यालयातून मला खुलासा मागितला. मी एक ओळ लिहिली: ग्राहकाला सर्व प्रश्न मराठीतून समजावून सांगितले, त्याने कोणताही आजार असल्याचे सांगितले नाही. लिहिताना अडखळले का? नाही. मी ती ओळ एकदा तपासली, एक शब्द बदलला, पाठवून दिली. बँकेने तक्रार फेटाळली.

घराचे हप्ते होते, मुलाची फी होती — हे मी स्वतःला पुष्कळ ऐकवलं आहे. तुम्हाला ऐकवत नाही.

एका रविवारी मी बाजारात गेले होते. कर्जाच्या वेळेपासून मासळी मी चंद्राकडूनच घ्यायचे; आता तिच्याकडे जायचं टाळतच होते, पण तिनेच हाक मारली. कपाळ मोकळं. टोपलीखालून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात बँकेचं पत्र. मासळीचं पाणी लागू नये म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळलेलं. मी घाबरले. वाटलं, आता चार लोकांत माझी शोभा करणार. आणि ती काय म्हणाली? तिला वाटत होतं की मी साखरेचं लिहिलंच असणार, वरच्या कुणीतरी ते खोडलं असणार. तुम्ही कशाला असं कराल, म्हणाली. माझ्यावर इतका विश्वास माझ्या आईनेसुद्धा ठेवला नसेल.

तिने मला विचारलं, “त्यानी तुमाला सांगलेलं ना, मॅडम?”

मी म्हटलं, “रोज इतकी माणसं येतात, चंद्राताई, नक्की आठवत नाही.”

तेव्हा तिने सांगितलं की बँकेने फेटाळलं तरी वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते, आणि कोळीवाड्यातला एक जण तिला वकिलाकडे नेणार आहे. चोराच्या मनात चांदणं. वकील म्हणजे प्रश्न आले, जबाब आला, मी आले. मी पटकन म्हणाले, वकिलाला कशाला पैसे घालता? मी लिहून देते. फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नका, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. तिचे डोळे भरून आले. तिच्यासाठी मी नोकरी पणाला लावते आहे, असं वाटलं तिला. आणि मी तसं वाटू दिलं.

पुढच्या रविवारी ती आमच्या घरी आली. येताना साफ केलेली पापलेटं आणली, पैसे घ्यायला तयार नव्हती. कपड्यांना वास आहे म्हणून सोफ्यावर बसली नाही, खाली लादीवर बसली. मी लॅपटॉप उघडला. ती मराठी अक्षर लावून लावून वाचते, सातवीपर्यंत शिकलेली आहे. म्हणून — हे नीट ऐका — म्हणून मी अर्ज इंग्रजीत लिहिला. इंग्रजीत लिहिलं की वर जास्त वजन पडतं, असं तिला सांगितलं. मराठीत लिहायला काहीच अडचण नव्हती. अडचण फक्त माझी होती.

ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. टेम्पो कधी घेतला, तो कधी गेला, बँकेने काय कळवलं. मग ती साखरेवर आली. त्यानी मॅडमना सांगलेलं, मॅडम चालतं म्हणाल्या. त्याचेच शब्द, एक इकडचा तिकडे नाही. माझी बोटं चालत होती. स्क्रीनवर काय उमटत होतं, सांगू? ‘अर्जदार गरीब विधवा आहे, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा.’ ज्या जागी तिचा हक्क होता त्या जागी मी दया मागितली.

मग ती म्हणाली, वाचून दाखवा.

मी वाचलं. इंग्रजी अर्ज समोर ठेवून मराठीत वाचलं. आणि दयेच्या ओळीवर आले तेव्हा — जे तिथे नव्हतं ते मी वाचलं. ‘माझ्या पतीने बँकेच्या अधिकाऱ्यांना मधुमेहाबद्दल स्वतः सांगितले होते, त्यांनी ते लिहिण्याची गरज नाही असे सांगितले.’ इतकं सरळ, इतकं नेमकं वाक्य. मला ते लिहिता येत होतं, हे तुमच्या लक्षात येतंय ना?

ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, “ते साखरेचं परत एकदा वाचा.”

मी परत वाचलं. शब्द चुकू नयेत म्हणून आधी काय बोलले ते आठवून आठवून वाचलं. ती मान हलवत राहिली, तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिला बरं वाटलं. जनार्दनचं म्हणणं शेवटी कागदावर आलं म्हणून तिला बरं वाटलं. प्रिंट काढून मी तिच्यापुढे ठेवला. सही कुठे करायची ते कळावं म्हणून पेन्सिलीने फुली केली. सवयच ती.

पापलेटं आम्ही रात्री खाल्ली. नवरा म्हणाला, ताजी होती.

काही महिन्यांनी निकाल आला. तक्रार बंद. तिची बँकेकडची पहिली तक्रार मी अर्जाला जोडलीच नव्हती, आणि निकालात एक ओळ होती की आजाराची माहिती बँकेला दिली होती, असं तक्रारदाराचंही म्हणणं नाही. हा कागदही तिने मलाच दाखवला, आणि तोही मीच वाचला. मी तिला सांगितलं, त्यांनी सगळी चौकशी केली, सगळे कागद पाहिले, पण जनार्दनने साखरेचं सांगितल्याचं कुठेच निघालं नाही. करून सवरून नामानिराळी राहायची कला मला आता चांगली जमत होती. टेम्पो बँकेने नेला. ती पहाटे माल घेऊन एसटीने यायला लागली.

आजही सांगता येईल. मी दुसऱ्या शाखेत आहे, ती अजून त्याच बाजारात बसते. खारघरहून रिक्षाने निघाले तर अर्ध्या तासात तिच्यासमोर उभी राहीन. वकिलासमोर, लोकपालासमोर, कुणासमोरही लिहून देता येईल. मला काय करायचं ते पक्कं माहीत आहे, कागद कोणता लागतो तेही माहीत आहे. मी जात नाही. उद्याही जाणार नाही. स्वतःबद्दल एवढी एक गोष्ट मला खात्रीने कळली आहे, आणि ती कळल्यापासून मला कशातच राम वाटत नाही.

टेम्पो गेल्याला दोनेक महिने झाले असतील, तेव्हा मी शेवटची तिच्याकडे गेले. कशाला गेले? तिला काही कळलंय का, ते बघायला. ती बांगडे लावून बसली होती. वाळलेली, पण शांत. तिने स्वतःहूनच विषय काढला. म्हणाली, इतक्या शिकलेल्या लोकांनी शोधलं आणि निघालं नाही, म्हणजे नव्हतंच ते.

“मंग त्यानीच सांगलं नसंल, मॅडम,” ती म्हणाली. “मना घरी येऊन खोटं बोलला. सोला वर्सं संसार केला, मना वाटायचं हा मानूस खोटं नाय बोलत.”

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण शेजारच्या बाईकडे गिऱ्हाईक आलं, भाव सुरू झाला, आणि मी ते निमित्त धरून थांबले.

घरातला त्याचा फोटो तिने उतरवून ठेवला होता. रोज त्याच्याशी दोन शब्द बोलायची, आता काय बोलू, म्हणाली. मग तिने खवले लागलेले हात पदराला पुसले, जोडले, आणि खाली बघत म्हणाली, “मनातल्या मनात तुमच्यावर बी आल घेतलेला मी. वाटायचं, तुमीच लिवलं नसंल. त्याचं ऐकून तुमाला वाईट समजली. माफ करा मना.”

मी तिचे जोडलेले हात धरले. म्हटलं, “असू द्या, चंद्राताई. मी मनात काही ठेवलेलं नाही.”