ओढणीखालचा माईक

आमच्या मुकादम बाईंचं नाव लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. पण बहिणीचं लग्न सुखरूप लागलं ते त्यांच्यामुळे, म्हणून आधी त्यांना नमस्कार.

मी सातवीत शाळा सोडली. घर कोकणात. तिथे मी मुलगा होते. इथे जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं निवडणाऱ्या बायांतली एक बाई आहे. हे घरी फक्त आईला ठाऊक. बाकी गावाच्या लेखी मी ‘कंपनीत मशीनवर असतो’. बहिणीचं नुकतंच ठरलं होतं, आणि पुण्याची एक मुलगी आमच्यासारख्यांवर माहितीपट करायला आली. मी हो म्हटलं. औषध लावलेल्या बियांची पावडर उडते म्हणून आम्ही सगळ्याच तोंडाला रुमाल बांधतो. कोण ओळखणार?

तिने आधी आरशासमोर लिपस्टिक लावायला सांगितली. मग म्हणाली, “ताई, टाळी वाजवून दाखवता?”

“तिला टाळी न्हाई येत,” शेजारची म्हणाली, “भाकर येते. ती दाखवा.” सगळ्या हसल्या. ती मुलगीही हसली.

जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा बंद झाला. रुमाल सोडून आम्ही डबे उघडले. बायांनी लग्नाचं विचारलं आणि मी सांगत सुटले: आमचं गाव, नवऱ्यामुलाचं गाव, त्यांचं दुकान. ओढणीखाली माईक तसाच होता, हे माझ्या ध्यानातच नाही.

संध्याकाळी माईक काढताना ती म्हणाली, “जेवतानाचं किती खरं बोललात! सुरुवातीला तेच घेणार.”

नवऱ्याकडचे लोक फोनवर हे बघतील, लग्न मोडेल. पण शिकलेल्या माणसाला नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती गाडीकडे गेली, मी तिथेच उभी.

“काय गं पोरी, अशी का उभी राह्यलीस?” मुकादम बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या तशाच गेटवर गेल्या, मी मागोमाग.

“ताई, जेवताना आमी एकमेकीत बोलतो. ते तुमच्यासाठी नव्हतं. पुसून टाका.”

“पण मावशी, त्यातच तर त्यांचं खरं आयुष्य आहे.”

“खरं हाय म्हणून तर पुसा. खोटं असतं तर ऱ्हाऊ दिलं असतं. ती दिवसभर बी निवडती, ते दाखवा की.”

“ते तर सगळ्याच करतात.”

“मंग? तेच तर सांगून राह्यले.”

मुलगी गाडीकडे वळली. मग तिने बॉनेटवर लॅपटॉप उघडला, आमच्यासमोर ते ऐकवलं आणि पुसलं.

लग्न झालं. मी गेले नाही. अजून आईचा फोन आला की मनात येतं, कुठे दुसरी कॉपी राहिली असेल का?

कधीतरी मी साडी नेसून, पुढच्या दाराने घरी जाईन. बाई, त्या दिवशी तुम्हाला सोबत नेईन आणि माझ्या आईच्या शेजारी जेवायला बसवीन. पहिला घास मी भरवणार. हा माझा शब्द.