वाघमारे सरांच्या गुळाच्या लाह्या

बियाण्याच्या लॅबमध्ये किस्से साचणारच. दाण्याला मोड यायला आठवडा लागतो, तोवर माणसानं करायचं काय? आमच्या जालना एमआयडीसीतल्या लॅबचे निम्मे किस्से साहेबांचे, म्हणजे वाघमारे सरांचे!

सरांची सई पाचवीत. वाढदिवसाला वर्गात वाटायला तिला गोड पॉपकॉर्न हवा होता. सर म्हणाले, "विकतचा कशाला? मी मक्यातला माणूस, घरीच करतो!"

"पप्पा, दुकानातलाच आणा ना. पोरं हसतील मंग."

सरांना ते लागलं. आणि भोगलं आम्ही.

*

पहिल्यांदा सरांनी लाह्यांचे दाणे आणून दोन दिवस कडक उन्हात वाळवले. बियाण्यात ओल नको ना! कढईत चारच दाणे फुटले. लाही आतल्या ओलीनंच फुटते, हे साहेबांना सांगितलं चहावाल्या मावशींनी. "सर, तुम्ही तर जीवच काढला की त्याचा!"

*

दुसऱ्या खेपेला सरांनी शंभर दाणे मोजून टाकले. ब्याण्णव फुटले. सकाळी ऐटीत आले, "ब्याण्णव टक्के!"

ड्रायरवरच्या शकीलभाईंना वाटलं, बियाण्याचा लॉट उगवणीत पास झाला. "मुबारक हो सर! गाडी लावू का?"

*

मग गुळाचा पाक. वहिनी म्हणाल्या, "वाटीतल्या पाण्यात थेंब टाका. गोळी झाली की उतरवा."

"किती डिग्रीला?" म्हणत सर थर्मामीटर शोधायला गेले. तो सापडेपर्यंत पाकाचा दगड झाला, पळी कढईत उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी कढई पळीसकट आमच्या वर्कशॉपमध्ये!

फिटर म्हणाला, "सर, वेल्डिंग कुणी केलं हे? बिलकुल बराबर हाय!"

*

चौथ्यांदा लाह्यांचे लाडू झकास जमले. पण सई ऐकेना. वर्गात दुकानातलाच पॉपकॉर्न गेला. लाडू आम्ही खाल्ले. खरंच छान होते, पण सरांचा चेहरा बघून चिडवायची इच्छाच मेली.

आमच्याकडं प्रत्येक लॉटचा थोडा नमुना टॅग लावून जपून ठेवतात. सरांनी एक लाडू पिशवीत घातला, टॅगवर लिहिलं, 'गूळ-लाही, लॉट चार', आणि घरी कपाटात ठेवला. सर रिपोर्ट घरीच लिहीत बसतात, शेजारी सईचा अभ्यास चालतो. तिनं टॅग वाचला असणारच.

दोन दिवसांनी सर लॅबमध्ये आले आणि पिशवी टेबलावर ठेवली. पिशवी रिकामी होती. टॅगच्या मागं सईच्या अक्षरात लिहिलं होतं :

"निकाल : पास. नमुना कमी पडला. वर्गासाठी चाळीस पाठवा."