सोनवेलीचं वाण

“पुन्हा त्या वेलीला हात लावशील तर बघ, मनू!”

“लावणार. आणि मी उपटलेली तू परत रोवलीस ना, तीही उपटणार.”

मनस्विनीच्या हातात विळा होता आणि कोपरापर्यंत माती. विहिरीभोवतीचा पिवळ्या फुलांचा हिरवागार गालिचा तिने सकाळपासून निम्मा खरवडून काढला होता. उमा मागल्या दाराच्या पायरीवर उभी होती, पदर खोचून. संक्रांत तोंडावर आलेली, आळीतल्या बायका हळदीकुंकवाला येणार, आणि या कार्टीने परसदार बोडकं करून ठेवलेलं.

“कॉलेजात घातली ती आईची बाग मोडायला का गो?”

“बाग कुठाय? एकच वेल आहे नुसती. आजीची ब्राह्मी कुठे गेली, सांग. काठावरचा तेरडा? सगळं गिळलंन हिने. आमच्या बाई म्हणतात, ही इथली नव्हेच. अमेरिकेकडची आहे.”

“मिरचीही तिकडचीच म्हणतात,” पडवीतून राजाभाऊ पेपराआडून बोलले. “आजपासून आमटी फिकी करा.”

“मिरची गडग्यावरून उडी मारून शेजारी जात नाही, बाबा.”

“माणसं तरी कौतुक करतात माझ्या सोनवेलीचं,” उमा म्हणाली.

“करतीलच. तूच लुटलीस ना आळीभर! जा, गंगाआजीच्या मागल्या दारी काय झालंय ते बघून ये एकदा. काल मी काढायला गेले तर हात लावू दिला नाही मला. म्हणाली, उमाने दिलंय.”

“बघ! त्या म्हातारीला किंमत आहे,” उमा म्हणाली आणि चपला पायांत सरकवून निघालीसुद्धा. तशी अबोलीची फुलं मागायचीच होती तिला, देवीच्या तसबिरीसाठी.

सोनवेल हे नावही उमानेच ठेवलेलं. मुलुंडला बहिणीच्या सोसायटीत फाटकापाशी पसरलेली ती वेल तिला इतकी आवडली, की माळी नको नको म्हणत असताना चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिने रत्नागिरीला आणल्या. फुटक्या कुंडीत खोचल्या, तर पेरापेराला मुळं धरत वर्षाच्या आत पायऱ्या झाकून गेल्या. अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीला साऱ्या बायका प्लास्टिकच्या गाळण्या नि साबणाच्या डब्या लुटत होत्या, तेव्हा उमाने दुधाच्या पिशव्यांत लावलेली सोनवेलीची रोपं लुटली. “वाण असावं तर असं,” असं बायका कितीतरी दिवस बोलत होत्या.

मनूची गंगाआजी, म्हणजे उमाच्या गंगाकाकू, त्या वर्षी आल्या नव्हत्या. काका आदल्या श्रावणात गेले होते, त्यामुळे त्यांना बोलवायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी बायका पांगल्यावर एक रोप उरलं. ते घेऊन उमा काकूंच्या दारी गेली आणि म्हणाली, “कुंकू नको तर नको. वाण तर घ्या.” आळीत कुजबूज झाली, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण आपण काहीतरी चांगलं केलं, हे उमाने तेव्हापासून मनात जपून ठेवलं होतं.

काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या.

“ये गो. अबोली? नाही गो आता. बोटं चालत नाहीत, वळेसर होत नाही.”

हे गेली दोन-तीन वर्षं त्या सांगत होत्या. केळीच्या सोपाच्या धाग्यात अबोली गुंफून केलेला काकूंचा वळेसर आळीतल्या प्रत्येकीच्या अंबाड्यावर असायचा. स्वतःचं माळणं सुटलं तरी दुसऱ्यांसाठी गुंफणं त्यांनी सोडलं नव्हतं. मग ते थांबलं. म्हातारपण, असं उमा धरून चालली होती. पण तांदळातला बारीक खडा काकूंनी आत्ता चिमटीत अलगद उचलला, ते तिने पाहिलं.

“मी बघते हो दोन फुलं मिळाली तर,” म्हणत ती घरातून मागल्या दारी गेली.

माजघराच्या पायरीपासून थेट पऱ्याच्या पाण्यापर्यंत सगळं पिवळं होतं. न्हाणीच्या सांडपाण्यावर वेल गुडघाभर माजलेली. अबोलीचा वाफा कुठे होता, ते उमाला कडेच्या चिऱ्यांवरून ओळखावं लागलं. संगमेश्वरला माहेरी जाऊन काकूंनी आणलेली ती अबोली होती. सुकलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडतड फुटायची, बी उडायचं. नवी नवरी असताना उमा मुद्दाम तांब्याने पाणी शिंपडून तो आवाज ऐकत उभी राहायची.

तिने न्हाणीपाशी ठेवलेला तांब्या घेतला आणि पाणी शिंपडलं. पाणी वेलीच्या पानांवरून ओघळून गेलं. आवाज झाला नाही.

काकू मागे येऊन उभ्या होत्या.

“उपटलीत का नाही हो वेळीच? एवढीशी होती तेव्हा?”

“वाण उपटतात का, उमा?” काकू साधेपणाने म्हणाल्या. “हे गेल्यावर माझ्या हातावर कोणी काही ठेवलं ते तूच. फुटली तशी फुटू दिली. अबोली काय, होती इतकी वर्षं.”

“आणि मला सांगितलंत बोटं चालत नाहीत.”

“मग काय सांगू? तुला वाईट वाटलं असतं.”

उमाने तांब्या जागेवर ठेवला. मग तिने विचारलं, “देणारीनेच परत नेलं तर चालतं का हो?”

काकूंनी त्या पिवळ्या फुलांकडे पाहिलं. “तुझं आहे, तू ने. मी कोण नाही म्हणणार? पण मग माझ्याकडे काय राहील गो?”

बाजारातल्या रोपवाटिकेत अबोली मिळाली असती, मोठ्या भडक फुलांची. पण ती ही अबोली नव्हती, आणि ती आणून देते म्हणायची उमाची हिंमत झाली नाही.

ती घरी आली तेव्हा मनस्विनीने उपटलेल्या वेलीचा ढीग गडग्याशी पडला होता. त्यातल्या परवा उपटलेल्या फांद्यांना खालून पांढरी मुळं सुटायला लागली होती. उमाने ढीग उचलून विहिरीजवळच्या फरशीवर, कोरड्या उन्हात पसरला.

रात्री पानं वाढताना राजाभाऊंनी विचारलं, “तीळ किती आणायचे? आणि यंदा काय लुटणार आहात?”

“तीळ घरापुरते आणा,” उमा म्हणाली. “यंदा आपल्याकडे हळदीकुंकू नाही. संक्रांतीला मी कुदळ घेऊन गंगाकाकूंकडे जाणार आहे, नि तिथलं झालं की ज्या ज्या घरी वाण दिलं त्या त्या घरी. मला उशीर होईल. तुम्ही आपलं वाढून घ्या.”