टेकडीवरचा दवाखाना

आमच्या एटापल्लीच्या क्रीडा वसतिगृहात पट्ट्या संपतात, स्प्रे संपतो. किस्से मात्र संपून नाई राह्यले! मी इथला कोच. खेळाडूंच्या डॉक्टर मॅडम नागपुरात. दर आठवड्याला त्या मोबाईलवर पोरांचे गुडघे पाहतात. हसावं की डोकं आपटावं, तुम्हीच सांगा.

*

पहिल्याच कॉलवर मॅडमनं आमच्या कबड्डीवाल्या सोमाले विचारलं, "खांदा दहापैकी किती दुखतो?"

सोमानं छाती फुगवली. "दहापैकी दहा!"

मॅडम घाबरल्या. म्हणाल्या, ताबडतोब गाडी करा, चंद्रपूरला न्या. मी म्हटलं, "एवढं दुखून राह्यलं काय बे?"

"नाई सर. मार्क कमी काऊन घेऊ?"

मॅडमनं सराव बंद केला, बसला मग! तवापासून बाकीची पोरं हुशार झाली. कितीही दुखो, उत्तर एकच: शून्य.

*

शून्यवाल्यांत पहिली आमची रजनी. आठशे मीटर धावते. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळाडू कोट्यातून नोकरी, हे तिच्या घरची शेळीसुद्धा जाणते. नडगी दुखत होती, तरी शून्य! लंगडताना मीच पकडली.

नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या टेकडीवर. तिथंही मधेच चित्र अडकते. माणसाचं तोंड उघडं ते उघडंच! रजनी चढली. मॅडमनं पाय पाहिला, कुठं दाबलं की दुखतं ते विचारलं आणि ओरडल्याच, "हाडाला चीर वाटतेय मला! एक पाऊलही टाकू नकोस. वर आलीस कशी?"

"चालत. नेटवर्क इथीच भेटते नं, मॅडम!"

खाटेवर घालून उतरवली. हसत होती येडी. मले रडू येत होतं.

*

मॅडमनं तिला आरामासाठी घरी धाडलं. मग जंगलातल्या तिच्या गावी बापाले फोन. "आराम आहे ना?"

"आराम हाय बाई, आराम हाय!"

मॅडम खूश. मी गावात गेलो तवा कपाळावर हात मारला. आमच्याकडं 'आराम हाय' म्हणजे 'बरं वाटून राह्यलं'! बरं वाटलं म्हणून पोरगी रोज पहाटे जंगलात मोहफुलं वेचायले, भरलं टोपलं डोक्यावर. बाप खोटं कुठी बोलला? राग काढू तरी कोणावर!

*

निवड तोंडावर आली. रजनीले गावाहून आणलं, चंद्रपूरला पायाचे एक्स-रे काढले, मॅडमले पाठवले. रजनीले खाटेवरच टेकडीवर नेलं. त्या दिवशी नेटवर्क असं झकास, की मॅडमच्या कपातला चहा दिसत होता.

"रजनी, चीर वाढलीय. निवड विसर. धावणं बंद, कदाचित कायमचं. ऐकलंस ना?"

रजनी हललीच नाई. तोंड अर्धं उघडं, नजर एका जागी, पापणी लवत नाई.

"रजनी? हॅलो? अडकलं का?"

मी फोन धरून उभा.

तेवढ्यात तिच्या गालावरून एक थेंब घरंगळला, हनुवटीपर्यंत आला. तिनं पुसला नाई.

मॅडम पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, नेटवर्क गेलं वाटतं. मी उद्या करते."