तिनं माझं मनगट सोडलं नाही

माझ्या लेकीला सातवं वर्ष लागलं आणि माझी झोप उडाली. घरात तसं काही कमी नव्हतं. नवरा वाळूजला कंपनीत, स्वभावानं शांत. सिडकोत दोन खोल्यांचं घर. तरी लेक दप्तर टाकून धावत आली की मला माझंच सातवं वर्ष आठवायचं. याच वयाची असताना मी पिशोरला, आमच्या गावी होते. वडील संतापले की आईला मारायचे, आई निपचित पडली की मला. मग कापसाच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावायचे. आत मी रडायचीही नाही, कारण हुंदका ऐकू गेला की ते परत यायचे. पुढं वडील गेले, आई गेली. त्या खोलीविषयी मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. झालं ते संपलं, असंच मला वाटत होतं.

संपलं नव्हतं. भाकरी थापता थापता हात थांबायचे. मी मुळातच नको असलेली आहे, मी नसले तर या दोघांचं बरंच होईल, हा विचार आधी कधीमधी यायचा, मग रोजचाच झाला. उपास केले, पोथी लावली. देवापुढं बसले तरी आत नुसता अंधार.

एका सोमवारी लेकीला शाळेत सोडून मी वेरूळची बस धरली. घृष्णेश्वराचं शेवटचं दर्शन घ्यायचं आणि मग सगळं थांबवायचं, हे मनाशी ठरलं होतं. पिंडीवर बेल वाहिला. म्हटलं, माझ्या लेकीला सांभाळ. बाहेर येऊन सभामंडपात खांबाला टेकून बसले आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मनातल्या मनात म्हणतेय असं मला वाटत होतं, पण शब्द तोंडातून फुटत असावेत.

"लेक देवावर सोपवायली, अन् तू कुठं चालली गं?"

शेजारी एक नऊवारीतली म्हातारी बसली होती. लासूर स्टेशनच्या बायकांबरोबर जीपनं आलेली. जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिला सांगून बसले. "मला जगायचं नाही, मावशी."

ती दचकली नाही. तिनं माझं मनगट धरलं. मग म्हणाली, "माझा थोरला बी असंच म्हणला व्हता. मी म्हणलं, येड्यावानी बोलू नको, जेवून घे. जेवला, अन् गेला. तुला मी तसं नाय म्हणणार. तू बोल. मी इथंच हाय."

मी बोलले. कापसाची खोली, कडी, आईचं निपचित पडणं, सगळं. तिच्या बायका हाका मारायला आल्या, तर "जावा तुम्ही, मी मागून येते" म्हणून तिनं जीप जाऊ दिली. मग मला म्हणाली, "नवऱ्याला फोन लाव. ते येस्तवर मी हात सोडत नाय."

नवरा कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. ती त्याला एवढंच म्हणाली, "रागवू नका तिला. हे दुखणं हाय. आजच दवाखान्यात न्या."

त्याच दिवशी आम्ही गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, लहानपणी घरात कसं होतं? नवऱ्यासमोर मी पहिल्यांदा सांगितलं. तो खाली मान घालून रडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, लहानपण भीतीत गेलं की ती जखम कधीकधी मोठेपणी अशी वर येते, मरावंसं वाटू लागतं. यात तुमचा दोष नाही, आणि यातून माणसं बाहेर येतात.

गोळ्या चालू आहेत, दर आठवड्याला डॉक्टरबाईंकडे बोलायला जाते. काही दिवस अजूनही फार जड जातात. तसा दिवस आला की मी नवऱ्याला सांगते, आज जड आहे, आणि तो माझ्याजवळ थांबतो. इतकी वर्षं देवापुढं मी डोकं टेकवत आले, पण मनातलं कधी त्या देवापुढं ठेवलंच नव्हतं. त्या दिवशी ते ठेवलं गेलं, ते त्या म्हातारीमुळं.

तिचं नाव विचारायचं राहून गेलं. देवानं तिला पाठवलं की ती आपसूक आली, मला माहीत नाही. दिवा लावताना तिच्या थोरल्यासाठी हात जोडते. मग लेकीला हाक मारते, आणि ती येते.